०.१ + ०.२ बरोबर ०.३ का येत नाही?

पायथन उघडा आणि ०.१ + ०.२ करून बघा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. नवीन प्रोग्रामिंग शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, "पायथनमध्ये बग आहे का?" नाही. जावास्क्रिप्ट किंवा जावामध्ये केलंत तरी हेच उत्तर येईल.

आधी माझी चूक सांगतो. तापलेली बारीक तार कशी थंड होते, याचं मॉडेल मी लिहिलं होतं. वेळ शून्यापासून सुरू, दर फेरीला ०.१ सेकंद मिळवायचा आणि वेळ १ पेक्षा लहान आहे तोवर लूप चालवायचं. शेवटचं तापमान आमच्या ज्युनिअरच्या मोजमापाशी जुळेना, दरवेळी कमीच यायचं. मी तिला बिनधास्त सांगितलं, "तुझा सेन्सर तपास, रीडिंग्ज पुन्हा घे." तिने दोन दिवस घालवून घेतली. तीच आली. चूक माझ्या लूपमध्ये होती: ते १० ऐवजी ११ वेळा फिरत होतं.

असं का होतं? जुना रुपया आठवा. सोळा आण्यांचा. अर्धा रुपया आठ आणे, त्याच्या निम्मे चार आणे, मग दोन, मग एक. कॉम्प्युटरचा हिशोब असाच चालतो, कारण तो द्विमान पद्धतीत मोजतो. निम्मे, पाव, एक अष्टमांश हे त्याला अगदी अचूक लिहिता येतं. म्हणून ०.५ + ०.२५ बरोबर ०.७५ येतं, काही गडबड नाही.

आता याच पद्धतीने दहा पैसे द्यायचे आहेत. एक आणा म्हणजे ६.२५ पैसे. त्यात अर्धा आणा टाका, झाले ९.३७५. उरलेल्यासाठी आणखी लहान तुकडे टाकत राहा. दहाच्या जवळ जाल, पण बरोबर दहा कधीच होणार नाहीत. आपण १/३ लिहिताना ०.३३३... लिहीत बसतो, तसंच. कॉम्प्युटरला कुठेतरी थांबावंच लागतं. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानुसार नेहमीच्या दशांश संख्येला ५३ बिट्स मिळतात, पुढचं गोल केलं जातं. ०.१ दहा वेळा मिळवलं की १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. ते १ पेक्षा लहान आहे, म्हणून माझं लूप अकराव्यांदा फिरलं.

"सोळाव्या स्थानावरच्या फरकाने काय बिघडतं?" असं वाटत असेल तर हे वाचा. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही. २८ सैनिक मेले. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होती आणि ०.१ ही संख्या २४ बिट्समध्ये छाटून ठेवली होती. सुमारे १०० तास सलग चालल्यावर घड्याळ साधारण ०.३४ सेकंदाने चुकलं होतं. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं.

मग करायचं काय?

पहिलं, दशांश संख्या 'बरोबर आहेत का' असं थेट तपासू नका. फरक पुरेसा लहान आहे का ते बघा. पायथनमध्ये त्यासाठी मॅथ मॉड्यूलचं इझक्लोज फंक्शन आहे. मात्र शून्याशी तुलना करताना किती फरक चालेल ते स्वतः द्या, कारण ते एरवी संख्यांच्या आकाराच्या प्रमाणात फरक मोजतं.

दुसरं, लूपच्या फेऱ्या पूर्णांकांत मोजा. फेरी क्रमांक गुणिले ०.१ करून वेळ काढा. गोलाईची चूक साठत जात नाही आणि फेऱ्या नेमक्या होतात.

तिसरं, पैशांचा हिशोब पैशांतच, म्हणजे पूर्णांकात ठेवा. नाहीतर डेसिमल मॉड्यूल वापरा.

आणि छापताना दोन स्थानांपर्यंत गोल करून समाधान मानू नका. त्याने चूक जात नाही, फक्त दिसेनाशी होते. माझीही तशीच लपली होती: स्क्रीनवर वेळ नेटकी दोन दशांश स्थानांत दिसायची.

ज्युनिअरची माफी मागितली. आता मॉडेल आणि मोजमाप जुळलं नाही, की मी आधी माझं लूप तपासतो.