खोली मिळेपर्यंतची पिशवी

डोंबिवलीहून खडवलीकडच्या एखाद्या रिसॉर्टला एक रात्र राहायला जायचं ठरलं की आदल्या रात्री पलंगावर कपड्यांचे ढीग लागतात. मुलांचा एक, आईचा एक, आत्या येणार असेल तर तिचा एक. मग हे ढीग जसेच्या तसे बॅगेत जातात. पोहायचे कपडे सगळ्यांना आधी आठवतात, म्हणून ते आधी पडतात आणि तळाशी जातात. तिथे पोहोचल्यावर सर्वांत आधी लागतात तेही तेच. मग रिसॉर्टच्या ऑफिसासमोर, चपलांच्या गर्दीत, बॅग पालथी होते.

सामान माणसाप्रमाणे न भरता वेळेप्रमाणे भरावं, एवढंच मला सांगायचं आहे. त्यासाठी रिसॉर्टचा दिवस कसा चालतो ते आधी समजून घ्यायला हवं. बहुतेक ठिकाणी पॅकेज नाश्त्यापासून सुरू होतं, त्यामुळे आपण सकाळी नऊ-दहालाच दारात असतो. खोली मात्र आदल्या रात्रीची मंडळी निघाली, चादरी बदलल्या, बाथरूम धुऊन झालं की मिळते. म्हणजे दुपार होते. मधले तीन-चार तास मोठी बॅग ऑफिसात किंवा व्हरांड्यात पडून राहते आणि मुलं पाण्याकडे धावलेली असतात. या वेळेपुरती एक वेगळी पिशवी हवी. तिच्यात पोहायचे कपडे, पंचे, सनस्क्रीन, रोजच्या गोळ्या, चष्म्याची डबी, थोडे सुटे पैसे आणि प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र. ओळखपत्र नोंदणीच्या वेळीच मागतात, आणि ते हमखास मोठ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात असतं.

जहाजावरही हेच चालतं, हे क्रूझला जाऊन आलेल्या मंडळींना माहीत असेल. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे फेऱ्या करतं. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर मोठी बॅग चिठ्ठी लावून ताब्यात घेतात, तपासतात आणि मागाहून केबिनपाशी पोचवतात. तोवर खांद्यावर जे असेल त्यावर भागवायचं. औषधं मोठ्या बॅगेत गेली असतील तर दुपारची गोळी संध्याकाळी मिळते. जहाजावर आगीच्या भीतीने इस्त्री आणि पाणी तापवायची किटली चालत नाही. खडवलीत तसं कोणी तपासत नाही, पण इस्त्री नेणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता पोहायच्या कपड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण भांडणं इथेच होतात. रिसॉर्टच्या पाटीवर ‘नायलॉनचे कपडे सक्तीचे’ असं असतं आणि आपल्याला वाटतं, भाड्याचे कॉश्च्युम खपवायची ही युक्ती. तसं थोडं असेलही. पण कारण खरं आहे. तलावाचं पाणी सतत पंपाने ओढून गाळणीतून फिरवतात. सुती कपड्याचे बारीक तंतू सुटतात आणि गाळणीत अडकतात, कच्चा रंग पाण्यात उतरतो. शिवाय भिजलेला सुती टी-शर्ट अंगावर जड होतो. घसरगुंडीवर तो अडतो आणि पाठ सोलवटते. मुलांसाठी पूर्ण बाह्यांचे लायक्राचे कपडे घरूनच न्यावेत, उन्हापासूनही बचाव होतो. काचेच्या बांगड्या बहुतेक ठिकाणी काढायला लावतात, कारण तलावात फुटलेली काच पाण्यात दिसत नाही. अंगठ्या तर घरीच ठेवाव्यात. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि सैल झालेली अंगठी कधी गेली ते कळत नाही.

टर्किश टॉवेल नेऊ नये, हे माझं ठाम मत. चार माणसांचे चार टॉवेल म्हणजे अर्धी बॅग, आणि भिजल्यावर ते नीट पिळूनही कोरड्याच्या दुप्पट वजनाचे होतात. पंचा मुठीत मावतो आणि मेच्या उन्हात कुंपणावर टाकला की जेवण होईपर्यंत वाळतो. मोबाइलसाठी पारदर्शक पाऊच घेतलाच तर आधी त्यात नुसता टिश्यू पेपर घालून घरच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावा. कागद कोरडा राहिला तरच फोन आत.

मोठी बॅग मग फारच लहान होते: रात्रीचे कपडे, दुसऱ्या दिवशीचा एक जोड, चार्जर, ओडोमॉस, टॉर्च. टॉर्च मोबाइलमध्ये असतो हे खरं, पण नदीकाठच्या झाडीतून खोलीकडे येताना मोबाइल संपलेला असतो. विंचू-सापांचा भाग आहे. रात्री पायाखाली उजेड आणि पायात बंद चप्पल हवी. औषधांत ओआरएसची पाकिटं, खरचटल्यावरचं मलम आणि उलटीची गोळी.

ही बॅग चाकांची नसावी. गाडीने जाणाऱ्यांनी काय हवं ते न्यावं, पण लोकलने जाणाऱ्याला खांद्यावरची सॅकच बरी. पूल चढताना आणि डब्यात शिरताना दोन्ही हात मोकळे राहतात. कल्याणला मार्ग फुटतो, तेव्हा इंडिकेटरवरचं अक्षर नीट पाहावं. ‘एन’ म्हणजे कसारा, ‘एएन’ म्हणजे आसनगाव. या दोन्ही खडवलीला थांबतात. ‘एस’ ही कर्जतची, ती दुसरीकडेच नेते. ‘टीएल’ टिटवाळ्याला संपते, म्हणजे बरोबर एक स्टेशन आधी उतरवते आणि मग पुढच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसावं लागतं. कल्याणपलीकडे गाड्या विरळ आहेत, त्यात रविवारी मेगाब्लॉक असतो. जाण्याच्या गाडीइतकंच परतीच्या गाड्यांचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवावं.

खाण्याचं काय? पॅकेज असलं की बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत. लहान बाळाच्या खाण्याला सहसा हरकत नसते, पण आरक्षण करतानाच विचारलेलं बरं. नदीकाठी नुसते दिवसभर जाणार असाल तर डबा लागतोच. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते, अंडा-मेयोनीजचं सँडविच तर नकोच. दशमी, थालीपीठ, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, काकडी न चिरता. कणीक दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. आपल्या आज्यांनी प्रवासासाठी ती काढली ती उगाच नाही. कोकमाचं आगळ छोट्या बाटलीत न्यावं, पाणी तिथे मिळतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर भातसा नदीबद्दल. खडवलीला मे महिन्यात, आजूबाजूचे ओढे आटलेले असताना, नदीला पाणी असतं ते शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणामुळे. मुंबईसाठी सोडलेलं पाणी नळातून न जाता नदीच्याच पात्रातून पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं आणि तिथून उचललं जातं. म्हणजे आपण ज्यात डुंबतो ते मुंबईच्या वाटेवरचं पाणी. ते किती सोडायचं हे वर ठरतं, त्यामुळे पात्र सकाळी जसं दिसतं तसंच संध्याकाळी असेल असं नाही. वरून शांत वाटणाऱ्या पाण्यात मध्येच खोल डोह आहेत आणि दगड शेवाळलेले. इथे दरवर्षी माणसं बुडतात, आणि ती बहुतेक पोहता येतं असं वाटणारी तरुण मुलं असतात. नदीवर जाणार असाल तर पिशवीत लाइफ जॅकेट किंवा निदान फुगवायची रिंग आणि पंधरा-वीस हात दोर हवाच. बुडणाऱ्याकडे उडी मारण्यापेक्षा दोर फेकणं केव्हाही बरं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की काठच्या गावांना इशारा दिला जातो, जिल्हाधिकारी नदी-धबधब्यांवर मनाई आदेश काढतात. तेव्हा नदीचा बेत रद्दच करावा. रिसॉर्टचा तलाव आहे ना.

तिसरी पिशवी जाताना रिकामी असते. दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, तोंड बांधता येतील अशा, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात दुमडून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी खोली सकाळीच सोडावी लागते, आणि मुलं शेवटची एक उडी मारतातच, त्यामुळे ओले कपडे घेऊनच गाडीत चढायचं हे धरून चालावं. एकीत पोहायचे कपडे, दुसरीत पंचे. कोरडा जोड, घरी परतताना घालायचा, मोठ्या बॅगेत अगदी वर ठेवायचा आणि तोवर त्याला हात लावायचा नाही; रात्री चहा सांडला तरी नाही.

घरी पोहोचल्यावर दमलेलं असलं तरी ती पिशवी त्याच रात्री सोडावी. क्लोरीनमुळे लायक्राचा ताण जातो आणि दोन सहलींत कपडा ढिला पडतो. साध्या पाण्यातून दोनदा काढायचा, पिळायचा नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत टाकायचा. साबण दुसऱ्या दिवशी.