लाईन आणि धंदा (भाग ५) : अर्धी लाईन

लाईन पुरती गेली तर आष्टीतल्या चक्कीवाल्याचं फार बिघडत नाही. डबे रांगेत राहतात, बाया ‘संध्याकाळी येतो’ म्हणून घरी जातात. मोटर जळते ती तीनातला एकच फेज जातो तेव्हा.

चालू मोटरचा फेज तुटला तरी ती थांबत नाही, दोन फेजांवर कण्हत फिरत राहते. दळणाचा भार तोच, त्यामुळे उरलेल्या दोन तारांतला करंट साधारण पावणेदोनपट होतो आणि वाइंडिंग तापतं. मग फ्यूज का उडत नाही? सुरू होताना मोटर पाच ते सातपट करंट ओढते, आणि तो सोसेल असाच फ्यूज आपण घातलेला असतो. त्यात कुणी जाड तार गुंडाळली असेल तर बोलायलाच नको. सिंगल फेज प्रिव्हेंटर लावायचा तो यासाठी. एका रिवाइंडिंगपेक्षा तो स्वस्त पडतो.

बोर्डावर तीन फेजांचे तीन दिवे असू द्या. एक विझला आणि दोन लख्ख, तर खालच्या बाजूचा फ्यूज गेला. एक लख्ख आणि दोन मंद, तर बहुधा डीपीवरचा डीओ, म्हणजे वरच्या बाजूचा फ्यूज, उडाला. लाइनमनला फोनवर एवढं सांगितलं तरी त्याची एक चक्कर वाचते.

गेल्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानाला इन्व्हर्टर सुचवला होता. चक्कीवाल्याने तो नाद सोडावा. १० एचपीची मोटर म्हणजे साडेसात किलोवॅट. १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट, पंधरा मिनिटांत खेळ खलास, तोही मोटर सुरू झालीच तर. छतावरचं साधं ऑनग्रिड सोलरही लाईनसोबतच बंद पडतं. तारेवर चढलेल्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. बिल कमी होईल, दळण होणार नाही. उरतं डिझेल जनरेटर, मोटरच्या दीड-दोनपट ताकदीचं. रोज दोन-चार पायल्या दळणाऱ्याला ते परवडेल असं मला वाटत नाही.

भारनियमनाच्या दिवसांत निदान वेळापत्रक होतं. गळती आणि थकबाकी जास्त त्या फीडरवर अंधार जास्त, म्हणजे वेळेवर बिल भरणाराही शेजाऱ्याच्या थकबाकीपायी अंधारात. पण दळणाची वेळ तरी ठरवता यायची. बिघाड विचारून येत नाही.

चक्की गावठाण फीडरवर असेल तर बरं. शेताकडच्या डीपीवर असेल तर जानेवारी सांभाळा. वर्धा नदीच्या अलीकडे आष्टी, पलीकडे मोर्शी-वरूड, दोन्हीकडे संत्रा. आंबिया बहाराचा ताण तोडायला पाणी सुरू होतं. पंपांना ऑटो स्विच असले की लाईन येताच सगळे एकदम उठतात, दाब कोसळतो, कधी डीपीच जाते. म्हणून लाईन आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. तोवर जात्यात अडकलेलं धान्य काढा. भरल्या जात्यावर मोटर उठत नाही.

आणि स्टार्टरच्या हिरव्या बटनात काडी खोचून ठेवली असेल तर ती आजच काढा. लाईन गेल्यावर स्टार्टर सुटतो तो मुद्दाम सुटतो. ती परत येईल तेव्हा तुमचा हात पट्ट्यापाशी असू शकतो.