विश्लेषण : ‘ऑल्वेज’ म्हणावे की ‘युज्वली’? तारापूरच्या कारखान्यांत इंग्रजीतल्या छोट्या शब्दांना मोठे महत्त्व का?

डहाणू लोकलमधून सकाळी बोईसर स्थानकात उतरणारी गर्दी तारापूर औद्योगिक वसाहतीकडे निघते, तेव्हा तिच्या तोंडी मराठी, हिंदी, गुजराती, वाडवळी, मांगेली अशा अनेक भाषा-बोली असतात. कारखान्याच्या आत मात्र नोंदवही, कामाची लेखी पद्धत आणि बाहेरून आलेल्या तपासनिसांचे प्रश्न पुष्कळदा इंग्रजीत असतात. रिअॅक्टर, गॅस्केट, कॅलिब्रेशन हे शब्द कामगार सरावाने शिकतात. अडखळायला होते ते ‘ऑल्वेज’, ‘युज्वली’, ‘समटाइम्स’, ‘नेव्हर’ अशा छोट्या शब्दांपाशी. पालघर आणि परिसरातील तरुणांना नोकरीच्या मुलाखतीतही हेच शब्द अडवतात.

हे शब्द नेमके काय सांगतात?

एखादी गोष्ट किती वेळा घडते, हे सांगणारे हे शब्द. व्याकरणात त्यांना वारंवारता दाखवणारी क्रियाविशेषणे म्हणतात. त्यांची एक उतरंड आहे. ‘ऑल्वेज’ म्हणजे नेहमी, एकही अपवाद न ठेवता. ‘युज्वली’ म्हणजे सहसा, ‘ऑफन’ म्हणजे बऱ्याचदा, ‘समटाइम्स’ म्हणजे कधीकधी, ‘रेअरली’ म्हणजे क्वचित, ‘हार्डली एव्हर’ म्हणजे जवळजवळ कधीच नाही आणि ‘नेव्हर’ म्हणजे कधीच नाही. ‘ऑफन’मधला ‘ट’ उच्चारला किंवा गाळला, तरी दोन्ही उच्चार योग्य मानले जातात.

कारखान्यात एका शब्दाने काय बिघडते?

तारापूरमध्ये रसायने, औषधे आणि कापड यांचे कारखाने आहेत. औषधांच्या कारखान्यात तपासनीस विचारतो, ‘हाउ ऑफन डू यू चेक धिस बॅलन्स?’ म्हणजे हा वजनकाटा किती वेळा तपासता? ऑपरेटर तो रोज न चुकता तपासत असतो, पण उत्तर देतो, ‘युज्वली एव्हरी डे’. त्याच्या मनात ‘आमची तशी पद्धतच आहे’ एवढाच अर्थ असतो. तपासनिसाला मात्र ‘काही दिवस तपासत नाही’ असे ऐकू येते आणि पुढचा प्रश्न त्या ‘काही दिवसां’बद्दल असतो. काम चोख, पण एका शब्दामुळे शंका उभी राहते.

उलटही घडू शकते. रात्रपाळीच्या कामगाराला ‘हा व्हॉल्व्ह नेहमी गळतो’ असे कळवायचे आहे. तो ‘समटाइम्स लीक्स’ असे लिहून जातो. सकाळच्या पाळीतल्या माणसाला ती किरकोळ बाब वाटते आणि दुरुस्ती लांबणीवर पडते. ज्या वसाहतीतून आगीच्या आणि स्फोटांच्या बातम्या अधूनमधून येत असतात, तिथे ‘नेहमी’ आणि ‘कधीकधी’ यांतले अंतर केवळ व्याकरणाचे राहत नाही.

मराठी माणूस कुठे अडखळतो?

पहिली अडचण ‘कधी’ या शब्दाची. मराठीत ‘कधी आलास?’ यातला ‘कधी’ वेळ विचारतो आणि ‘कधी मुंबईला गेला आहेस का?’ यातला ‘कधी’ अनुभव विचारतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘व्हेन’ आणि दुसऱ्यासाठी ‘एव्हर’ लागतो. ‘हाउ ऑफन’ हा तिसराच प्रश्न, म्हणजे किती वेळा. तो ‘कधी’सारखा ऐकला की उत्तर येते, ‘मॉर्निंग टाइम’.

दुसरी अडचण नकाराची. मराठीत ‘कधीच’बरोबर ‘नाही’ यावेच लागते. हिंदीतही ‘कभी’बरोबर ‘नहीं’ येते. इंग्रजीत ‘नेव्हर’मध्ये नकार आधीच असतो. त्यामुळे ‘मी कधीच उशिरा येत नाही’ याचे ‘आय डोन्ट नेव्हर कम लेट’ असे भाषांतर केले की दोन नकार होतात. प्रमाण इंग्रजीत ‘आय नेव्हर कम लेट’ एवढे पुरेसे असते.

तिसरी अडचण ‘बहुधा’ आणि ‘बहुतेक’ या शब्दांची. ‘तो बहुधा येईल’ यात शक्यता आहे, तिथे ‘प्रॉबेब्ली’ हवे. ‘तो बहुतेक वेळा वेळेवर येतो’ यात वारंवारता आहे, तिथे ‘युज्वली’ हवे.

चौथी अडचण ‘हार्डली’ची. ‘मी खूप मेहनत करतो’ हे सांगताना ‘आय वर्क हार्डली’ म्हटले, तर समोरच्याला ‘मी जेमतेमच काम करतो’ असे वाटू शकते. मेहनतीसाठी ‘आय वर्क हार्ड’ हेच बरोबर. मराठी बोलण्यात आपण ‘हार्डली दहा मिनिटं लागतील’ म्हणतो, तेव्हा हा शब्द योग्य अर्थानेच वापरत असतो.

वाक्यात हे शब्द कुठे ठेवावेत?

नियम तीनच आहेत. मुख्य क्रियापदाच्या आधी : ‘आय ऑल्वेज वेअर ग्लव्हज’. ‘अॅम’, ‘इज’, ‘आर’ यांच्या नंतर : ‘द लोकल इज ऑफन लेट’. साहाय्यक आणि मुख्य क्रियापदांच्या मध्ये : ‘आय हॅव नेव्हर वर्क्ड इन अ बॉयलर हाउस’. ‘समटाइम्स’ आणि ‘युज्वली’ वाक्याच्या सुरुवातीलाही चालतात. ‘ऑल्वेज’ आणि ‘नेव्हर’ सुरुवातीला येतात ते मुख्यतः आज्ञेत. सुरक्षेच्या फलकांवर ‘ऑल्वेज वेअर हेल्मेट’ लिहिलेले असते ते म्हणूनच.

‘एव्हरी डे’, ‘डेली’, ‘ट्वाइस अ वीक’ हे शब्द साधारणपणे शेवटी येतात. ‘मी रोज लोकलने जात असतो’ या मराठी वळणावरून ‘आय अॅम डेली गोइंग बाय लोकल’ असे वाक्य तयार होते. रोजच्या सवयीसाठी ‘आय गो बाय लोकल एव्हरी डे’ असा साधा वर्तमानकाळ वापरावा. शिवाय चालू वर्तमानकाळाबरोबर ‘ऑल्वेज’ आले की बऱ्याचदा तक्रारीचा सूर येतो. ‘ही इज ऑल्वेज चेकिंग अवर वर्क’ या वाक्यात साहेबांच्या दक्षतेचे कौतुक करायचे असले, तरी ऐकणाऱ्याला वैताग जाणवू शकतो.

‘ऑफन’ म्हणजे किती वेळा?

हा प्रश्न इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही पडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मिल्टन हेकेल यांनी १९६८ मध्ये याच प्रश्नावर लेख लिहिला. असे शब्द ऐकून वेगवेगळी माणसे वेगवेगळे आकडे मनात धरतात, हे त्यातून पुढे आले. औषधनिर्मितीच्या क्षेत्राने यावर उपाय शोधला आहे. युरोपातील औषधांच्या माहितीपत्रकात दुष्परिणामांसाठीच्या शब्दांना आकडे ठरवून दिलेले आहेत. ‘कॉमन’ म्हणजे १०० पैकी किमान एकाला, पण १० पैकी एकापेक्षा कमी जणांना होणारा परिणाम. ‘रेअर’ म्हणजे १० हजारांत किमान एकाला, पण हजारात एकापेक्षा कमी जणांना होणारा.

मग बोलताना काय करावे?

कामाच्या ठिकाणी शक्य तिथे आकडा सांगावा. ‘युज्वली’ऐवजी ‘वन्स इन एव्हरी शिफ्ट’, ‘ऑफन’ऐवजी ‘थ्री टाइम्स लास्ट वीक’ म्हटले की शंकेला जागा उरत नाही. ‘एक दिवसाआड’साठी ‘एव्हरी अदर डे’ किंवा भारतात सर्वांना कळणारे ‘ऑल्टरनेट डेज’ म्हणावे. दोन दिवसांआड होणाऱ्या कामाला ‘एव्हरी थर्ड डे’ म्हणावे. ‘बायवीकली’ हा शब्द टाळावा. त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असा दोन्ही होतो.

सरावासाठी वेगळ्या वर्गाचीच गरज आहे असे नाही. पालघरहून उमरोळीमार्गे बोईसरला जाताना स्वतःच्या दिवसाची पाच वाक्ये मनात जुळवता येतात : कोणती गोष्ट नेहमी करतो, कोणती सहसा, कोणती कधीकधी, कोणती क्वचित आणि कोणती कधीच नाही. वाक्ये खरी असावीत. ‘ऑल्वेज’ म्हणताना एखादा अपवाद आठवला, तर तिथे ‘युज्वली’ म्हणावे. आणि खरोखर एकही अपवाद नसेल, तर मुलाखतीत किंवा तपासनिसासमोर ‘ऑल्वेज’ म्हणायला कचरू नये.