सूतिकेची दैनंदिनी : प्रश्नपरीक्षेचे एक उपेक्षित साधन

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी पहिल्या दोन वैद्याच्या स्वाधीन आहेत. तिसरी मात्र उत्तर देणाऱ्यावर अवलंबून असते. सूतिकेच्या बाबतीत उत्तर देणारी व्यक्ती बहुधा सूतिका नसतेच. कारधा येथे वैनगंगेच्या पुलालगत आम्ही चिकित्सा करतो. बाळंतीण येते ती सासू, आई किंवा नणंदेसह. झोप लागते का, असे आम्ही बाळंतिणीस विचारावे आणि ‘लागते जी, चांगली लागते’ असे उत्तर शेजारून यावे, हा नित्याचा अनुभव आहे. बाळंतीण मान खाली घालून बाळाचे कुंचीचे बंद सारखे करीत राहते.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी आम्ही गर्भिणीस सातव्या महिन्यापासून एक साधी वही ठेवण्यास सांगू लागलो. प्रारंभी आमचा हेतू मर्यादित होता. चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितलेली मासानुमासिक परिचर्या प्रत्यक्षात कितपत पाळली जाते, स्तन्य केव्हा आले, बाळाचे मलमूत्र कसे आहे, एवढेच आम्हांस हवे होते. वही ही रुग्णपत्रिकेचीच पुरवणी, अशी आमची समजूत होती. ती समजूत एका आषाढात बदलली.

आमच्या भागात आषाढ म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस. पऱ्हे काढणीस आले की घरातील प्रत्येक हात बांधीत लागतो आणि बाळंतीण दिवसभर घरी एकटी उरते. अशीच एक प्रथमप्रसवा, मुलगी झालेली, विसाव्या दिवशी स्तन्याल्पतेसाठी आली. आम्ही शतावरी दिली, आहार सांगितला व वही चाळली. दुधाच्या व शौचाच्या नोंदींमध्ये एक निराळी नोंद होती : घरी कोणी नव्हते, मूल रडत होते आणि आपण ते बसून ऐकत राहिलो. आम्ही ती वाचली आणि श्रमजन्य ग्लानी समजून पान उलटले. ही आमची चूक होती. आठवड्याने ती पुन्हा आली तेव्हा अशा तीन नोंदी झाल्या होत्या. या वेळी आम्ही सोबतच्या मंडळींना बाहेर बसविले. नदीकडे निघून जाण्याचा विचार दोनदा मनात आल्याचे तिने आम्हांस सांगितले. त्याच दिवशी तिला पतीसह भंडारा येथे मानसरोगतज्ज्ञांकडे पाठविले, घरी तिला क्षणभरही एकटे ठेवू नये असे बजावले. पुढील काही महिन्यांत ती पूर्ववत झाली. शतावरीने ते झाले नसते, हे आम्ही मोकळेपणाने नमूद करतो.

वास्तविक सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात क्रोध, शोक व अवात्सल्य ही स्तन्यनाशाची कारणे म्हणून स्पष्ट सांगितली आहेत. आम्ही ते परीक्षेपुरते पाठ करतो आणि रुग्णेसमोर मात्र दुधाचे प्रमाण विचारतो. गोव्यात झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५२ मातांपैकी ५९, म्हणजे सुमारे २३ टक्के, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी अवसादग्रस्त आढळल्या. दारिद्र्य व पतीशी बिघडलेले संबंध यांबरोबरच मुलगी होणे हेही त्यांतील एक कारण होते. आमच्याकडील चित्र याहून उजळ असेल, असे मानण्यास आधार नाही.

बाळाच्या दृष्टीनेही वहीचे मोल मोठे आहे. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात न बोलणाऱ्या शिशूची वेदना त्याच्या चेष्टांवरून कशी ओळखावी, हे विस्ताराने आले आहे : कान दुखत असता बालक हाताने कानास स्पर्श करते, डोके दुखत असता ते सारखे हलविते. खंडित स्वरूपात मिळालेला हा ग्रंथ १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला, ही कौमारभृत्याच्या अभ्यासकांवर मोठीच कृपा झाली. परंतु या चेष्टा वैद्यासमोर पाच मिनिटांत घडत नाहीत. त्या रात्री दोन वाजता घडतात आणि त्या वेळी पाहणारी एकच व्यक्ती जागी असते.

वहीत आणखी एक गोष्ट हमखास उघड होते, ती म्हणजे बाळाच्या तोंडात काय काय गेले. मध, गुटी, साखरपाणी यांविषयी विचारले की घरची मंडळी नाही म्हणतात. वहीत ते तारखेनिशी सापडते. लेहनाची परंपरा आपल्या शास्त्रात आहे, हे मान्य करूनही पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध आणि वर्षाच्या आत मध नाही, हेच आज सांगितले पाहिजे, असे आमचे मत आहे. काही ज्येष्ठ वैद्यांना ते रुचणार नाही.

वहीची रचना आम्ही दोन भागांत करवितो. पुढील पाने वैद्यासाठी : झोप, भूक, स्राव, ज्वर, स्तनपान, बाळाची शौच. मागील पाने तिची स्वतःची. ती आम्ही मागत नाही आणि घरच्यांनीही मागू नयेत, असे तिच्यासमोरच सांगतो. तिला दाखवावेसे वाटले तर ती दाखवते. मात्र पुढील पानांत ज्वर, वाढता किंवा दुर्गंधी स्राव, झटके, अथवा बाळाने दूध ओढणे सोडणे, अंग थंड पडणे, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास असे काही आढळले, तर औषध देत न बसता रुग्णालयात पाठवावे. मनातील निराशेच्या नोंदींनाही हाच नियम लावावा. शासनाची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. तो क्रमांक आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून देतो.

सूतिकाकाल सुश्रुतमताने दीड महिन्याचा, काहींच्या मते पुन्हा आर्तवदर्शन होईपर्यंतचा. वही मात्र किमान सहा महिने चालवावी, कारण मनाचे विकार सव्वा महिन्याची ओटी भरली म्हणून थांबत नाहीत.

जिचे मूल दगावले, तिला वही द्यावी काय, असे एका वैद्यभगिनीने आम्हांस विचारले होते. अवश्य द्यावी. तीही सूतिकाच आहे. तिलाही दूध येते, पण तिचे बाळंतपण करण्याचे कोणास सुचत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या व त्यांचे बाळ दहा दिवसच जगले. पुढे १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्राचा.

लिहिता न येणाऱ्या मातांचे काय, हा प्रश्न राहतो. याच वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांनाच नवजाताची परीक्षा, नोंदी व उपचार शिकविले. ३९ गावांतील त्या कार्याने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आम्ही आशाताईंची मदत घेतो, कधी शाळेत जाणाऱ्या धाकट्या बहिणीची. मात्र मागील पानांसाठी लेखनिक बसविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. अशा मातेस आम्ही रोज एक खूण करावयास सांगतो : बरा दिवस गेला तर उभी रेघ, जड गेला तर आडवी. लागोपाठ पाच आडव्या रेघा दिसल्या की सोबतच्या मंडळींना बाहेर बसवून आम्ही तिच्याशी बोलतो.