दिग्गीहून बांबोळीला

जोयडा तालुक्यातलं दिग्गी म्हणजे काळी नदीच्या उगमाकडचं गाव. गाव कर्नाटकात, पण घाट उतरला की गोवा. घरात कोकणी-मराठी, शाळेत कन्नड आणि सोयरीक दोन्हीकडे. तिथली एक मुलगी आमच्या कॉलेजात आली. आठशे मीटर पळायची. पावसात बस बंद झाली की शाळेला चालत जायचं, उशीर झाला की पळायचं, हाच तिचा सराव.

तालुका आणि जिल्हा क्रीडाकूट तिनं अनवाणी जिंकलं. विभागीय स्पर्धेत मात्र सिंथेटिक ट्रॅक होता. दुसऱ्या फेरीत तळपाय सोलवटले आणि ती शेवटची आली. चूक माझी. मैदान कसलं आहे, हे मी आधी विचारलंच नव्हतं. घरी पोचवायला गेलो तेव्हा तिची आई एवढंच म्हणाली, ‘‘सर, आता पुन्हा नेणार काय हिला?’’ मला उत्तर सुचलं नाही.

त्याच वर्षी, म्हणजे २०२३ साली, गोव्यात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. खरं तर त्या २०१६ लाच व्हायच्या होत्या, पुढे ढकलत ढकलत सात वर्षं गेली. २६ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर उद्घाटन झालं. आपल्या वाचकांत फातोर्डा ठाऊक नसलेलं घर विरळाच. १९८९ साली नेहरू चषक फुटबॉल तिथंच झाला. पुढं एकदिवसीय क्रिकेटही आलं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात इराणच्या पोरांनी जर्मनीला ४-० असं हरवलं तेही तिथंच, आणि २०२२ साली मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामनेही. पण पळणाऱ्यांचं मैदान निराळं, पणजीजवळच्या बांबोळीचं. ते २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धांच्या निमित्तानं तयार झालं. १९९४ साली पुण्याला बालेवाडी मिळाली, १९९७ साली बेंगळूरच्या कंठीरवला आजचं रूप आलं, दोन्ही राष्ट्रीय स्पर्धांमुळेच. मोठी स्पर्धा आल्याखेरीज आपल्याकडे मैदानाला पैसा सुटत नाही, हे मला तरी पटत नाही; पण होतं तसंच.

मी चार विद्यार्थ्यांना घेऊन अणमोड घाट उतरलो. ती गॅलरीत गप्प बसली होती. आठशेची शर्यत लागली तेव्हा मुलींचे चेहरे सोडून त्यांचे बूटच बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘सर, खिळे आहेत त्यांना.’’

तिचा मामेभाऊ पणजीत शिकतो, याच ट्रॅकवर सराव करतो. तो गोव्याचा, ही कर्नाटकाची. आजी दोघांची एकच. त्याला मैदान गावच्या बसनं मिळतं. हिनं कारवारला जायचं की बेळगावला, हाच आमचा प्रश्न. त्या स्पर्धांत महाराष्ट्र ८० सुवर्णपदकांसह पहिला आला म्हणून आम्ही मराठी माणसं खूश, कर्नाटकाच्या पदकांनाही टाळ्या. पण दिग्गीची पोर यातल्या कुठल्या हिशेबात बसते?

परत आल्यावर वर्गणी काढून खिळ्यांचे बूट घेतले. भातकापणी झाल्यावर तिच्या वडलांनी शेत मोकळं करून दिलं. चारशे मीटरच्या ट्रॅकला सरळ बाजू सुमारे ८४ मीटर लागते आणि वळणाची त्रिज्या साडेछत्तीस. एवढं सपाट शेत आमच्या डोंगरात कुठलं असायला? सगळं निम्म्यावर आणलं, दोरी धरून चुन्यानं दोनशे मीटरचा ट्रॅक आखला. आठशेला चार फेऱ्या. बुटांची सवय व्हायला तिला पंधरा दिवस लागले. आईनं त्यानंतर काही विचारलं नाही. फक्त शेताच्या बांधावर पाण्याची कळशी आणून ठेवू लागली.

एके सकाळी जाऊन बघतो तो चुन्याची रेघ पुसलेली, मातीत मोठाले खूर उमटलेले. गोव्याच्या स्पर्धेचं बोधचिन्ह गवा होता, नाव मोगा. पोरं ओरडली, ‘‘सर, मोगा येऊन पळून गेला!’’ आम्ही पुन्हा दोरी धरली.