व्यसनोपचार न्यायालये आणि आपले कर्तव्य

व्यसनाधीन मनुष्यास अपराधी मानावे की रुग्ण, हा प्रश्न आयुर्वेदास नवा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्ययचिकित्सेसाठी आहे, तर सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवयी पादांशिक क्रमाने सोडविण्याचा मार्ग सांगितला आहे. न्यायव्यवस्थेने या दिशेने टाकलेल्या एका पावलाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

अमेरिकेत १९८० नंतर कोकेनचे व्यसन झपाट्याने वाढले. तीच माणसे पकडली जात, शिक्षा भोगत, सुटत व पुन्हा पकडली जात. यावर उपाय म्हणून फ्लोरिडा राज्यातील मायामी येथे १९८९ साली पहिले 'ड्रग कोर्ट' सुरू झाले. आज त्या देशात अशी तीन हजारांहून अधिक न्यायालये आहेत.

कार्यपद्धती

पात्र आरोपीस त्याच्या संमतीने कारावासाऐवजी उपचारक्रमात घेतले जाते. हा क्रम बहुधा एक वर्ष वा अधिक चालतो. आरंभी दर आठवड्या-पंधरवड्याला त्याच न्यायाधीशांपुढे हजेरी, अचानक मूत्रपरीक्षण, प्रगतीबद्दल शाबासकी आणि चुकीबद्दल क्रमशः वाढते शासन, असे त्याचे स्वरूप असते. क्रम पूर्ण झाल्यास आरोप रद्द होतो किंवा शिक्षा सौम्य होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, प्रौढांमध्ये पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले.

या इतिहासातील दोन गोष्टी आपण विशेष ध्यानात घ्याव्यात. मायामीच्या उपचारक्रमात कर्णबिंदूंवरील अॅक्युपंक्चरचा समावेश होता. परंतु २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कोकेनच्या व्यसनावर ते तुलनेच्या उपचारांहून सरस ठरले नाही. परंपरेचा आधार असला तरी परीक्षण चुकत नाही, हा बोध आपल्यालाही लागू आहे. दुसरे असे की, अनेक न्यायालये मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी औषधे बंद करावयास लावीत. २०१५ साली तेथील केंद्र शासनाने अनुदानासाठी ही मनाई अमान्य ठरविली.

आपल्याकडील कायदा

भारतात एनडीपीएस कायद्याच्या (१९८५) कलम ३९ अन्वये, अमली पदार्थाचे सेवन किंवा अल्प मात्रेचा गुन्हा सिद्ध झालेल्या व्यसनी व्यक्तीस न्यायालय तिच्या संमतीने, बंधपत्रावर, उपचारासाठी मुक्त करू शकते. उपचार शासकीय अथवा शासनमान्य संस्थेतच व्हावा लागतो आणि त्याच्या परिणामाचा अहवाल कमाल एका वर्षात न्यायालयास द्यावा लागतो. कलम ६४अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास अशा गुन्ह्यांच्या खटल्यापासून संरक्षण देते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.

ड्रग कोर्टातील न्यायाधीश रुग्णास वारंवार भेटतात. आपल्याकडे बंधपत्र आणि अहवाल यांच्यामधील काळात त्याला भेटतो तो बहुधा गल्लीतला वैद्य किंवा औषधविक्रेता. म्हणून आमची विनंती अशी:

१. खाजगी चिकित्सालय आपोआप मान्यताप्राप्त ठरत नाही. रुग्णास योग्य संस्थेकडे पाठवावे व तेथील औषधे आपल्या अधिकारात थांबवू नयेत. पादांशिक क्रमाचा आधार घेऊन परस्पर मात्रा घटविणेही धोक्याचे आहे.

२. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. मद्यत्यागाचे बंधन असलेल्यास ती देऊ नयेत. क्वाथ, चूर्ण वा वटी यांचा विचार करावा. अहिफेन किंवा विजया असलेले कल्प फार्मसीने मागितले म्हणून देऊ नयेत. घटकद्रव्ये वाचावीत व चिकित्सकाची चिठ्ठी पाहावी.

३. न पाहिलेल्या उपचाराचा किंवा न झालेल्या परिहाराचा दाखला देऊ नये. कुटुंबीय ओळखीचे असतात, मूल तुरुंगात जाईल म्हणून आई दारात रडत असते. आम्हांलाही 'नाही' म्हणणे जड जाते. परंतु खोट्या दाखल्याने तो न्यायालयातून सुटला तरी व्यसनातून सुटत नाही, आणि पुढच्या खऱ्या रुग्णाच्या दाखल्यावर न्यायाधीशांचा विश्वास उरत नाही.

सत्त्वावजय म्हणजे अहित विषयांपासून मनाचा निग्रह. तो रुग्णाकडून साधून घ्यावयाचा असेल, तर लेखणी हाती घेताना वैद्यानेही तो पाळला पाहिजे.