बॉडी आजची, लेन्स उद्याची!

नवा कॅमेरा किंवा मोबाइल घ्यायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, ‘कितीचा आहे?’ म्हणजे किंमत नव्हे हं, मेगापिक्सेल! आकडा मोठा ऐकला की आपण खूष, दुकानदारही खूष. पण पुढ्यात बसवलेल्या त्या काचेची चौकशी कोण करतं? खरं तर प्रकाश आत येतो तो तिच्यातूनच. तीच गंडली, तर मागचे मेगापिक्सेल नुसते शोभेचे. कॅमेरा कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच मीडियम फॉरमॅटसारखी अख्खी नवी सिस्टिम काढायची ठरली, की त्यांची खरी झोप उडते ती लेन्सपायी.

हे मीडियम फॉरमॅट काय प्रकरण आहे?

आजोबांच्या अल्बममधले ते चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट फोटो आठवतात? ॲग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यात १२० चा रोल घालून काढलेले. एका रोलमध्ये १२ फोटो, की संपला विषय! ती मोठी फिल्म म्हणजे मीडियम फॉरमॅट. डिजिटल जमान्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला. आपल्याकडच्या लग्नांत दिसणाऱ्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. आजच्या बऱ्याच मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांत तो ४३.८ बाय ३२.९ मिमीचा. म्हणजे क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त. त्यामुळे बारकावे जास्त, रंगांच्या छटा जास्त. फॅशन, जाहिराती, लँडस्केप करणारे याच्या प्रेमात पडतात ते उगाच नाही.

गोची अशी, की सेन्सर मोठा म्हणजे लेन्सला प्रकाशाचं वर्तुळही मोठं पाडावं लागतं. फुल फ्रेमला साधारण ४३ मिमी व्यासाचं वर्तुळ पुरतं, इथे ५५ च्या आसपास लागतं. ते लहान पडलं, की फोटोचे कोपरे काळे. थोडक्यात काय, आधीच्या लहान सेन्सरच्या लेन्स इथे बिनधास्त लावता येत नाहीत. सगळा संसार नव्याने मांडायचा!

आधी कोंबडी की आधी अंडं?

आणि इथे धंद्याचा पेच सुरू होतो. लेन्स नसतील तर बॉडी कोण घेणार? आणि बॉडी खपली नाही, तर लेन्स कुणासाठी बनवायच्या? फुजीफिल्मने सप्टेंबर २०१६ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात ‘जीएफएक्स’ सिस्टिम जाहीर केली, तेव्हा सोबत सहा लेन्सचा आराखडाच ठेवला. २०१७ च्या सुरुवातीला कॅमेरा बाजारात आला, तो तीन लेन्स घेऊन. रोजच्या वापराची ६३ मिमी, ३२-६४ ची झूम आणि क्लोजअपसाठी १२० ची मॅक्रो. वाइड आणि पोर्ट्रेटच्या लेन्स त्याच वर्षात मागोमाग आल्या. शिवाय जुन्या लेन्स बसवायला ॲडाप्टर. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला पहिल्याच दिवशी दिसायला हवं, की पुढचा रस्ता बांधून तयार होतोय.

फुजीला हे काम नवं नव्हतं. स्वीडनच्या हॅसलब्लाडने २००२ मध्ये एच सिस्टिम आणली, तिच्या लेन्स फुजीच बनवायची. गंमत म्हणजे, २०१६ च्या जूनमध्ये हॅसलब्लाडने आपला मिररलेस ‘एक्स वन डी’ जाहीर केला आणि तीनच महिन्यांत फुजीने आपला. कालचे पार्टनर आज समोरासमोर! सेन्सरचा आकार दोघांचा सारखाच, पण लेन्सचा फंडा अगदी उलटा.

हॅसलब्लाडने शटर ठेवलं लेन्सच्या पोटात. फायदा? १/२००० सेकंदालाही फ्लॅश वापरता येतो, म्हणजे भर उन्हातलं मॉडेल शूट मजेत. तोटा? प्रत्येक लेन्समध्ये वेगळं शटर, म्हणजे खर्च आला. शटरच्या जागेमुळे लेन्सचं तोंड किती मोठं ठेवायचं यालाही मर्यादा. त्यांची सुरुवातीची ९० मिमी लेन्स एफ ३.२ ची. फुजीने शटर बॉडीत ठेवलं आणि ११० मिमी थेट एफ २ ची काढली. पार्श्वभूमी अशी काही विरघळते, की बघत राहावं! पण नेहमीच्या फ्लॅशसाठी वेग १/१२५ सेकंदावर अडतो. बरोबर कोण? दोघंही. तुम्हाला काय शूट करायचंय, त्यावर ठरतं.

एकदाच घ्यायचा निर्णय

बॉडीत चूक झाली तर तीन वर्षांनी नवं मॉडेल काढून निस्तरता येते. पण लेन्स जिथे बसते त्या माउंटचं तसं नाही. फुजीने माउंटचा व्यास ६५ मिमी आणि माउंटपासून सेन्सरचं अंतर २६.७ मिमी ठरवलं. आरसा नसल्यामुळे मागची काच सेन्सरच्या जवळ नेता आली आणि डिझायनरचे हात मोकळे झाले. पण हे दोन आकडे एकदा ठरले की कायमचे. पुढची प्रत्येक लेन्स त्याच चौकटीत बसवायची.

आणि सगळ्यात मोठी पैज पुढेच. पहिल्या जीएफएक्सचा सेन्सर होता ५१ मेगापिक्सेलचा. लेन्स मात्र १०० मेगापिक्सेलचे बारकावे पेलतील अशा बनवल्याचं फुजीने सांगितलं. असा कॅमेरा तेव्हा त्यांच्याकडे होता कुठे? पिक्सेल ५.३ मायक्रॉनचा, पण काच घासायची ३.८ मायक्रॉनच्या पिक्सेलला पुरेल अशी! त्यासाठी खास काच, ॲस्फेरिकल भिंगं, काटेकोर जोडणी. त्या ११० मिमीचं वजन किलोभर आणि अमेरिकेतली किंमत २,७९९ डॉलर. जो कॅमेरा बाजारातच नाही, त्याच्यासाठी गिऱ्हाईक आज पैसे मोजत होतं.

२०१९ मध्ये १०२ मेगापिक्सेलचा ‘जीएफएक्स १००’ आला आणि हिशेब जुळला. २०१७ मध्ये लेन्स घेतलेल्यांनी फक्त बॉडी बदलली, काच तीच. पैज फसली असती, तर नव्या कॅमेऱ्यासोबत लेन्सची सगळी बॅगच बदलायची वेळ आली असती. मग त्या कंपनीवर पुन्हा कोण भरवसा ठेवणार?

आपल्या खिशाचं काय?

मीडियम फॉरमॅट तुम्ही-आम्ही लगेच घेणार नाही, हे उघड आहे. पण धडा साध्या कॅमेऱ्यालाही लागू. हप्त्यांवर कॅमेरा घेताना मेगापिक्सेल जरा बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. या माउंटच्या लेन्स कोणकोणत्या आहेत? पुढे कोणत्या येणार आहेत? आणि नवी बॉडी आली तरी आज घेतलेली लेन्स कामाची राहील का? बजेट तोकडं असेल, तर साधी बॉडी आणि चांगली लेन्स घ्या. उलटं करू नका. बॉडीचे हप्ते फिटेपर्यंत नवं मॉडेल शोकेसमध्ये आलेलं असतं. चांगली काच मात्र पुढच्या दोन-तीन बॉड्या पाहून घेते!